रिपोर्टातली एक जादा ओळ

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या ज्या सेंटरवर मी सोनोग्राफी करते, तिथे दिवसाची निम्मी पोटं मुतखड्याची आणि ‘गॅस’ची. उरलेल्यांत काही जण जाड फाईल काखेत मारून येतात. हे सिरोसिसवाले, म्हणजे ज्यांचं लिव्हर व्रण पडून कडक झालंय आणि त्यामुळे कॅन्सरचा धोका वाढलाय असे. पोट दुखतं म्हणून नव्हे, तर लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ धरलीच तर ती लहान असताना सापडावी म्हणून दर सहा महिन्यांनी यायचं. सहा महिनेच का, तर ही गाठ साधारण चार ते सहा महिन्यांत आकारमानाने दुप्पट होते.

ज्या काकांबद्दल लिहितेय ते खाणीवर स्वतःचा ट्रक चालवायचे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, ट्रक विकला, बसून वजन वाढलं आणि मागोमाग साखर. “बाये, हांव सोरो पियेना,” हे त्यांनी टेबलावर चढायच्या आधीच सांगून टाकलं. आपल्याकडे लिव्हरचा आजार म्हटला की लोक आधी बाटली शोधतात, त्यात काही डॉक्टरही आले. काकांचं सिरोसिस चरबी आणि डायबेटिसमधून आलेलं. फाईलमध्ये दुसरीकडचे जुने रिपोर्ट होते आणि प्रत्येकात तीच ओळ: ‘नो फोकल लीजन सीन’, म्हणजे गाठ दिसली नाही.

मी प्रोब ठेवला आणि समोर धुकंच. चरबी आवाजाच्या लहरी वाटेतच खाऊन टाकते, वरचे चार-पाच सेंटिमीटर बरे दिसतात आणि पुढे काळोख. त्यात सिरोसिसचं आकसलेलं लिव्हर बरगड्यांच्या आत वर सरकलेलं आणि पुढ्यात आतड्यातला वायू. सगळ्यात त्रासदायक जागा म्हणजे उजव्या भागाचं अगदी वरचं टोक, छातीच्या पडद्याला टेकलेलं, ज्याला आम्ही डोम म्हणतो. तिथे पोचायला कसब लागतं आणि त्याचा मला थोडा अभिमानही आहे. पेशंटला डाव्या कुशीवर वळवायचं, उजवा हात डोक्यावर घ्यायला लावायचा म्हणजे बरगड्यांमधल्या फटी उघडतात. बरगडीखालून वर बघायचं तर श्वास आत भरून धरायचा, लिव्हर खाली येतं. फटीतून बघायचं तर उलट, श्वास सोडून थांबायचं, नाहीतर फुप्फुस पडद्यासारखं आडवं येतं. काका बिचारे सांगेन तसं करत होते. बाहेर रिसेप्शनवाली दोनदा दार वाजवून गेली, कारण एका पोटाला इतका वेळ आमच्या हिशेबात बसत नाही.

एवढं करूनही निम्म्याहून जास्त लिव्हर दिसलंच नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीच्या पद्धतीत किती दिसलं याला ए, बी, सी अशी श्रेणी देतात. मी सी लिहिली, म्हणजे सगळ्यात कमी दिसलेली, एक ओळ जादा टाकली की ही तपासणी अपुरी आहे, आणि एमआरआय सुचवला.

संध्याकाळी फिजिशियनचा फोन. “मॅडम, अपुरी म्हणजे काय? गाठ आहे की नाही तेवढं सांगा. एएफपी तर नॉर्मल आहे.” एएफपी ही लिव्हरच्या कॅन्सरचा इशारा देणारी रक्ततपासणी. लहान गाठीत ती बरेचदा नॉर्मलच असते, हे त्यांना माहीत नसेल असं नाही. सिरोसिसमधली सुरुवातीची गाठ नुसत्या सोनोग्राफीत निम्म्याहून कमी वेळा सापडते. एएफपी जोडलं की आकडा साधारण ६३ टक्क्यांवर जातो, असं २०१८च्या एकत्रित विश्लेषणात आलंय. काकांच्या मुलाने तर सरळ विचारलं, “मशीन जुनी आहे का?” मशीन उत्तम आहे.

कुरकुरत का होईना, एमआरआय झाला. डोममध्ये २.२ सेंटिमीटरची गाठ. शिरेतून सोडलेलं कॉन्ट्रास्ट औषध धमनीतून पोचतं त्या टप्प्यात उजळलेली, नंतर आजूबाजूपेक्षा काळवंडलेली. सिरोसिसच्या लिव्हरमध्ये एवढं पुरतं, बायोप्सीची गरज पडत नाही. एकच गाठ, तीही लहान, म्हणून मुंबईला मायक्रोवेव्हने जाळली.

मी अजून अडकलेय ते वेगळ्याच गोष्टीत. मुंबईला जाण्याआधी मी काकांना बोलावून घेतलं. एमआरआयच्या प्रतिमा शेजारच्या स्क्रीनवर लावल्या, नेमकी जागा डोळ्यांसमोर ठेवून पुन्हा प्रोब फिरवला. कुशीवर, श्वास आत, श्वास बाहेर, सगळं. गाठ दिसली नाही. कुठे आहे ते ठाऊक असूनही. मुंबईवाल्यांनीही सुई सीटीवर बघूनच घातली.

मग त्या जुन्या रिपोर्टांना खोटं कसं म्हणू? ‘दिसली नाही’ हे त्यांनी खरंच लिहिलं होतं. किती लिव्हर बघून, ते तेवढं गाळलं. माझा राग त्यावर आहे, आणि असा रिपोर्ट ‘क्लिअर’ म्हणून लोकांना आवडतो यावरही. माझ्याकडून सी घेऊन गेलेले कितीतरी जण पुढच्या वेळी दुसऱ्या सेंटरवर जातात, हे मला दिसतं.

काकांची पुढची तपासणी आता एमआरआयवरच व्हायची. मागच्या आठवड्यात त्यांचा मुलगा धाकट्या चुलत्याला घेऊन आला. तेच पोट, तीच साखर, चिठ्ठीवर फक्त ‘गॅस’. लिव्हर किती कडक झालंय हे कुणी मोजलेलंच नव्हतं. मी फायब्रोस्कॅन सुचवला. मुलगा म्हणाला, “करू मॅडम, चवथ होऊन जाऊ दे.”