मडक्याचं तोंड

माणसाला दिसतं कसं, या एका प्रश्नावर हजाराहून जास्त माणसं दर मे महिन्यात फ्लोरिडाच्या समुद्रकाठी जमतात आणि जवळपास आठवडाभर वाद घालतात. व्हिजन सायन्सेस सोसायटी हे त्या मंडळींच्या संस्थेचं नाव. पहिलं संमेलन २००१ साली सारासोटाला झालं, मग मुक्काम नेपल्सला हलला, आणि आता बरीच वर्षं सेंट पीट बीचला असतो. तिन्ही गावं मेक्सिकोच्या आखाताच्या काठची. शास्त्रज्ञ म्हटलं की मला पांढरा कोट आठवतो. इथे अर्ध्या चड्ड्या, फुलाफुलांचे शर्ट आणि वाळूने भरलेल्या चपला. गळ्यात बिल्ला नसेल तर प्राध्यापक कोण आणि सुट्टीवर आलेला विमा एजंट कोण, काही कळत नाही.

माझी मुलगी या मंडळींतली. तिच्या संशोधनाचं पोस्टर तिथे फळ्यावर लागायचं होतं, जावयाला रजा नव्हती, आणि नातू अजून बोट धरून चालण्याच्या वयाचा. मी निवृत्त चित्रकला शिक्षक. जन्मभर नाशिककडच्या एका शाळेत मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटला बसवलं. त्यामुळे बाबागाडी साहजिकच माझ्याकडे आली.

पोस्टरचं दालन म्हणजे आठवडी बाजारच. दोन्ही बाजूंना रांगा, प्रत्येक फळ्यापुढे एक उत्साही विक्रेता, समोर थबकणारी गिऱ्हाईकं, आणि ‘दोन मिनिटांत सांगतो’ म्हणून वीस मिनिटं सांगणारे लोक. व्याख्यानांना १५ मिनिटं, प्रश्नोत्तरांसकट. वेळ संपली की अध्यक्ष उभे राहतात आणि वक्ता खाली बसतो. आपल्याकडच्या साहित्य संमेलनात ही पद्धत आणली तर बरंच काही वाचेल, पण ते असो.

मला रस होता डेमो नाइटमध्ये. त्या संध्याकाळी वाळूवर जेवण असतं, आणि मग आत दालनांत हरतऱ्हेचे दृष्टिभ्रम मांडलेले असतात. पोस्टरवर आलेख असतात, इथे आलेख नाहीत. समोर उभं राहायचं आणि फसायचं. एका अंधाऱ्या कोपऱ्यात मुखवटा फिरत होता. पुढची बाजू गेली, मागची पोकळ बाजू समोर आली, आणि तीही आपली फुगीरच दिसायला लागली. नाक आत असायला हवं ते बाहेर, आणि चेहरा उलट दिशेने वळल्यासारखा. माझ्या शेजारी पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ होते. मुलगी नंतर म्हणाली की त्यांची हयात याच विषयात गेली. ते पोरासारखे ‘ओ हो हो’ करत पुन्हा पुन्हा बघत होते. हा भ्रम रिचर्ड ग्रेगरी या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने जगभर गाजवला. पाहायला फ्लोरिडाला जायची गरज मात्र नाही. घरात गौरीचा पितळी मुखवटा असेल तर त्याची पोकळ बाजू आपल्याकडे करून तो भिंतीला टेकवा, चार पावलं मागे या, एक डोळा मिटा आणि थोडं थांबा. आतली पोकळी बाहेर येते, आणि तुम्ही डावी-उजवीकडे सरकलात की गौर तुमच्याकडे मान वळवते. आत पोकळ आहे हे तुम्हाला माहीत असतं, हाताने चाचपूनही बघता येतं. डोळा ऐकत नाही.

त्या दाढीवाल्या गृहस्थांचा मला हेवा वाटला, आणि बरंही वाटलं. हिशेबनिसाला हिशेब चुकलेला दिसतो, गवयाला बेसूर ऐकू येतं. शिकलेल्या माणसाला जास्त कळावं हीच आपली समजूत. इथे मात्र ज्याने शंभर मुखवटे मोजून-मापून पाहिले त्यालाही तेच दिसतं, आणि बाबागाडी धरून उभ्या असलेल्या ड्रॉइंग मास्तरलाही तेच. इतका समसमान न्याय मी दुसऱ्या कुठल्या विद्वानांच्या सभेत पाहिलेला नाही.

पुढच्या टेबलावर राखाडी गोलांचा एक कागद होता. काही गोल वरून उजळ, खालून काळपट, ते बाहेर आलेले दिसत. काही वरून काळपट, ते खड्डे. कागद उलटा केला की फुगवट्यांचे खड्डे आणि खड्ड्यांचे फुगवटे. मेंदूचे अभ्यासक व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात यावर लिहिलं. मेंदू गृहीत धरतो की उजेड एकच आहे आणि तो वरून येतो. हे ‘वर’सुद्धा आकाशाकडचं नाही, आपल्या डोक्याकडचं. म्हणजे कागद तसाच ठेवून तुम्ही वाकून पायांमधून बघितलंत तरी गोल पलटतात. माझ्या पाठीने परवानगी दिली नाही, पण दोन-तीन तरुण पोरींनी भर दालनात ते करून दाखवलं.

हा कागद पाहून मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. शेडिंग शिकवताना पहिलं वाक्य ठरलेलं: उजेड डावीकडून वरून. आम्हा शिक्षकांकडे त्याचं कारणही होतं. उजव्या हाताने काढणाऱ्याच्या हाताची सावली कागदावर पडू नये म्हणून खिडकी डावीकडे हवी. पण १९९८ मध्ये जेनिफर सन आणि पिएत्रो पेरोना यांनी असेच गोल दाखवून तपासलं, तर लोकांचा डोळासुद्धा उजेड नुसता वर धरत नाही, वर आणि थोडा डावीकडे धरतो. उजव्या हाताने काम करणाऱ्यांत हा कल जास्त. मोठ्या संग्रहालयांतली चित्रं पाहिली तर त्यांतही बहुतेक ठिकाणी प्रकाश डावीकडूनच. मुलीने हे सांगितल्यावर मी दिवसभर जरा ताठ चालत होतो.

ताठपणा दुसऱ्या दिवशी तिनेच उतरवला. कॉफी पिताना म्हणाली, ‘‘बाबा, चित्रकारांना इतरांपेक्षा खरं दिसतं का, यावर एक पेपर आहे.’’

‘‘मग?’’

‘‘नाही दिसत.’’

फ्लोरियन पेर्द्रो आणि पॅट्रिक कॅव्हनॉ या संशोधकांचा तो शोधनिबंध, २०११ चा. दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, जशी प्रतिमा उमटते तशी ती चित्रकाराला दिसते का, हा प्रश्न. आकार आणि उजेड जोखायच्या चाचण्यांत चित्रकार आणि बाकीचे लोक सारखेच निघाले. मुलीला वाटलं मी हिरमुसणार. मी तिला विचारलं, मग आम्ही पेन्सिल हातभर लांब धरून, एक डोळा मिटून मापं का घेतो? डोळ्यावर भरवसा असता तर पेन्सिल कशाला लागली असती?

वस्तुचित्राचा पेपर ज्यांनी दिलाय त्यांना मडक्याचं तोंड आठवत असेल. समोर स्टुलावर मडकं ठेवलेलं, तुम्ही बाकावर बसलेले. तिथून मडक्याचं तोंड चपटं, अगदी बारीक लंबवर्तुळ दिसायला हवं. मुलं ते फुगवतात. भाकरीएवढं गोल करून ठेवतात आणि खालचा तळ मात्र सरळ रेषेत. पिढ्यान्‌पिढ्या मी ओरडत आलो, ‘‘अरे, दिसतं ते काढ, माहीत आहे ते काढू नकोस.’’ मुलीने सांगितलं की रॉबर्ट थाउलेस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हे १९३१ मध्येच मोजलं होतं. टेबलावर सपाट ठेवलेली तबकडी तिरकस कोनातून दाखवायची आणि ती जशी दिसते तसा आकार निवडायला सांगायचं. लोक दृष्टिपटलावरच्या आकारापेक्षा गोल आकार निवडतात. म्हणजे पोरं आळशी नव्हती. तोंड गोल आहे ही माहिती दिसण्यातच मुरलेली असते, ती पेन्सिलीने बाहेर काढावी लागते.

रुमालाचंही तसंच. मडक्याखाली पांढरा रुमाल अंथरलेला असतो, त्यावर मडक्याची सावली पडते, आणि मुलं तिथला कागद कोरा सोडतात. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या एडवर्ड ॲडेलसन यांचं १९९५ चं बुद्धिबळाच्या पटाचं चित्र तुम्ही मोबाइलवर पाहिलं असेल. सावलीतलं पांढरं घर आणि उजेडातलं काळं घर, दोन्हींचा राखाडी रंग तंतोतंत एक. आजूबाजूचा पट झाकेपर्यंत कुणाचाही विश्वास बसत नाही, आणि झाकण काढलं की पुन्हा बसत नाही. खरं तर इथे डोळा फसला म्हणणंही मला अन्यायाचं वाटतं. रुमाल पांढरा आहे. सावलीतही तो पांढराच आहे हे ओळखणं हे डोळ्याचं काम, आणि ते तो चोख करतो. चित्रकाराची मागणीच वेगळी, त्याला रुमालाशी देणंघेणं नाही, राखाडीशी आहे.

तर मडक्याच्या तोंडात नको असलेली माहिती आपोआप शिरते, आणि मुखवट्याच्या बाबतीत हवी असलेली माहिती दारातच अडते. कुठली आत घ्यायची ते डोळा आपल्याला न विचारता ठरवतो. मग ही त्याची अक्कल येते कुठून? अनुभवाने, असं मी बेधडक म्हणालो असतो. पण पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ची मुलं आडवी येतात. सिन्हाही त्याच एमआयटीत असतात. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मुलांवर भारतात शस्त्रक्रिया होते आणि त्यानंतर ती कशी बघायला शिकतात याचा अभ्यास होतो. १६८८ मध्ये विल्यम मॉलिनो या विद्वानाने तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्रातून विचारलं होतं: जन्मांध माणसाला हाताने ओळखीचे असलेले घन आणि गोल, दृष्टी आल्याबरोबर नुसते बघून ओळखता येतील का? २०११ मध्ये या प्रकल्पातल्या ५ मुलांनी उत्तर दिलं. लगेच नाही येत, पण काही दिवसांत जमायला लागतं. इथवर अनुभवाचाच विजय. मग २०१५ मध्ये नव्याने दृष्टी आलेल्या मुलांना दोन जुने भ्रम दाखवले. एकात रुळांसारख्या जवळ येत जाणाऱ्या रेषांमध्ये दोन सारख्या पट्ट्या असतात आणि वरची लांब दिसते. दुसऱ्यात बाणांची टोकं लावल्यामुळे सारख्याच रेषा लहान-मोठ्या दिसतात. ही मुलं पहिल्याच फटक्यात आपल्यासारखीच फसली. ज्यांनी आयुष्यात रूळ पाहिले नव्हते, त्यांना वरची पट्टी लांब दिसली.

यावर मी अजून विचार करतो आहे. शाळेत पर्स्पेक्टिव्ह शिकवायला दोन तास लागत आणि तरी निम्म्या पोरांचे रूळ क्षितिजाशी भेटत नसत.

शिकण्याने डोळा सुधारतो यावर ज्यांची फार श्रद्धा आहे त्यांच्यासाठी एक प्रयोग राहिलाच. चेंडूचे पास मोजायला सांगितलं तर मधून चालत गेलेला गोरिला निम्म्या लोकांना दिसत नाही, हा सायमन्स आणि चॅब्रिस यांचा १९९९ चा प्रयोग आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. २०१३ मध्ये ट्रॅफ्टन ड्रू आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घातलं आणि रेडिओलॉजिस्टना गाठी शोधायला बसवलं. गोरिला सरासरी गाठीच्या ४८ पट मोठा होता. २४ पैकी २० जणांना दिसला नाही. नजर नोंदवणाऱ्या यंत्राने दाखवलं की त्यांतल्या बहुतेकांची नजर थेट त्याच्यावरून गेली होती. हे ऐकल्यापासून मी माझे रिपोर्ट खिडकीशी धरून एकदा स्वतः बघतो. उपयोग शून्य.

मुलीला मी आता माझा डेमो सांगून ठेवला आहे. एक स्टूल, त्यावर काळं मडकं, खाली पांढरा रुमाल, उजेड डावीकडून वरून. शास्त्रज्ञांना एकेक कागद द्यायचा, पेन्सिल लांब धरून माप घ्यायला बंदी करायची, आणि नुसतं तोंड काढायला सांगायचं. शेजारी त्याच जागेवरून काढलेला फोटो ठेवायचा. ती म्हणाली, त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि काय दिसणं अपेक्षित आहे ते आधी लिहावं लागतं.

‘‘लिही, सगळ्यांची तोंडं फुगणार.’’

‘‘बाबा, तिथल्या बहुतेकांनी थाउलेस वाचलेला आहे.’’

मग तर हमखास फुगणार. अर्ज ती भरते म्हणाली आहे. मडकं मात्र विमानात हातातच न्यावं लागेल.