नाथसागराकाठी सुकलेली होडी

पैठण, 18 मे

होडीच्या सांध्यांतली इपॉक्सी, म्हणजे दोन रसायने मिसळून दगडासारखा घट्ट होणारा चिकट लेप, खरवडून काढण्याचा आज चौथा दिवस होता, आणि हे काम माझ्याच घाईने ओढवलेले असल्याने कुणापाशी कुरकुर करण्याचीही सोय नाही.

मुंबईच्या जुन्या मालाच्या बाजारातून आणलेली ही चौदा फुटी सागवानी शिडाची होडी समुद्रावर वाढलेली आहे. तिच्या फळ्या कडेला कड भिडवून बसवलेल्या आहेत आणि अशा बांधणीत पाणी अडते ते मुख्यतः लाकूड भिजून फुगते व फळ्या एकमेकींवर दाबल्या जातात म्हणून. पैठणचा उन्हाळा मात्र तिने कधी पाहिलेला नव्हता. पत्र्याच्या शेडमध्ये चार इंच रुंदीची एकेक फळी दोन मिलिमीटरपर्यंत आकसली, आणि एका बाजूला नऊ फळ्या असल्याने त्या बाजूच्या सगळ्या फटी मिळून दीड सेंटिमीटरच्या आसपास उजेड आत येऊ लागला.

चीर दिसली की ती पक्की बुजवायची, हा पाटबंधारे खात्यातल्या नोकरीने लावलेला संस्कार. धरणाच्या काँक्रीटला तो लागू पडतो, म्हणून लाकडालाही पडेल असे मी धरून चाललो. मार्चमध्ये सगळे सांधे इपॉक्सीने भरून टाकले. (एका दुपारी वाटीत जास्त मिश्रण केले, तर ते उष्णतेने स्वतःच तापून धुरावले आणि चमच्यासकट दगड झाले, तेव्हाच थांबायला हवे होते.) मग गळती तपासण्यासाठी टँकरचे पाणी होडीत भरले, त्यावरून घरात जे ऐकून घ्यावे लागले ते रास्तच होते, आणि तिसऱ्या दिवशी दोन बरगड्या (फळ्यांना आतून धरून ठेवणारी वाकवलेली लाकडे) कडकन मोडल्या. फुगणाऱ्या फळ्यांना सरकायला मी जागाच ठेवली नव्हती; त्यांनी ती बरगड्या मोडून आणि तांब्याचे खिळे उपसून करून घेतली.

सुतारमामांनी हे पाहिले आणि फार वेळ काही बोलले नाहीत. त्यांची हयात बैलगाड्या घडवण्यात गेली आहे. नंतर म्हणाले, "साहेब, उन्हाळ्यात चाक खिळखिळं झालं तर आम्ही लगेच पाचर नव्हतो मारीत. रातभर डोहात टाकायचं, सकाळी आपसूक आवळलेलं असायचं." इतकी साधी गोष्ट नदीकाठी जन्म काढून माझ्या ध्यानात येऊ नये, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते.

आता रीत बदलली आहे. आधी होडीवर ओली पोती टाकून लाकडाला हळूहळू ओलाव्याची सवय करायची. मग उरलेल्या सांध्यांत कापसाचा पेळू बोथट पटाशीने बसवायचा, तोही हलक्या हाताने, कारण कोरड्या लाकडात गच्च ठासलेला कापूससुद्धा पुढे तोच घात करतो. त्यावर जवसाच्या तेलात मळलेली खडूची लुकण, जी दाबाखाली थोडी बाहेर येते आणि फळीला वाट देते. पूर्वी लुकणीत शेंदूर घालीत. तो शिशाचा असल्याने मी घालणार नाही. कापूस आणि जवस ही दोन्ही आमच्याच मातीतली पिके, मी मात्र महागडे डबे मागवत बसलो होतो.

मोडलेल्या बरगड्यांना मामा बाभूळ सुचवतात, मी सागावर अडून आहे. डोलकाठी ठीक आहे. शिडाचे कापड गेले आहे, ते नवेच शिवावे लागेल.

घाई तशी कशालाच नाही. जलाशयाचे पाणी ओसरून काठ इतका दूर गेला आहे की होडी न्यायला मध्ये भेगाळलेला गाळच तुडवावा लागेल, आणि नाथसागर भरतो तो मुख्यतः वर नाशिक-अहिल्यानगरकडच्या पावसाने, आमच्या नव्हे. शिवाय 1986 पासून हे पक्षी अभयारण्य असल्याने वनखात्याकडे केलेल्या अर्जाचे उत्तरही यायचे आहे.

रात्री पोत्यांवर पाणी शिंपडायला उठलो, तेव्हा बॅटरीच्या उजेडात फटी पुन्हा तपासल्या. तिसऱ्या फळीखालच्या ज्या फटीत सकाळी पोस्टकार्डाची कड सहज जात होती, तिच्यात ती आता जात नाही. चौथ्या फळीखाली अजून जाते.