चार क्रमांकाची जागा

फोंडा तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेच्या मास्तरांना वर्गात शिकवताना अचानक फीट आली आणि एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या टेम्पोरल (कानशिलाकडच्या) भागात, सावकाश वाढणारा ग्लायोमा, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींचा ट्यूमर, असावा अशी गाठ दिसली. ती भाषेच्या प्रदेशाला खेटून असल्यामुळे शस्त्रक्रिया त्यांना जागे ठेवून करायची ठरली. वाचा-भाषातज्ज्ञ म्हणून चाचणी घेण्याचे काम माझ्याकडे आले.

मास्तर घरी कोकणी बोलतात. शिकवणे, वाचन आणि भजन मात्र मराठीत. गोव्यात हे इतके नेहमीचे आहे की केसपेपरवर त्याची नोंदही होत नाही. परंतु ओजेमन आणि व्हिटेकर या संशोधकांनी 1978 मध्येच दाखवून दिले होते की, दुभाषिक रुग्णाच्या मेंदूवरील काही जागा विजेच्या सौम्य प्रवाहाने उत्तेजित केल्यास एक भाषा अडते आणि दुसरी चालू राहते. म्हणून केवळ मराठीत चाचणी घेऊन भागणार नव्हते. तयार परदेशी संचातील इग्लूसारखी चित्रे मी बाजूला ठेवली (ती इथे कशी चालतात, हे मला कधीच कळलेले नाही) आणि ज्यांची नावे दोन्ही भाषांत वेगळी आहेत अशीच चित्रे निवडली: कुत्रा आणि सुणें, खुर्ची आणि कदेल, खिडकी आणि जनेल. आदल्या दिवशी जे चित्र ओळखताना मास्तर क्षणभर जरी थांबले, ते मी काढून टाकले. नाहीतर दुसऱ्या दिवशी अडखळणे विजेमुळे की मुळातलेच, हे सांगता आले नसते.

मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत. दुखते ते त्वचेला आणि मेंदूच्या आवरणाला. त्यामुळे डोक्याच्या नसा बधिर करून, गुंगीत कवटी उघडल्यावर भूलतज्ज्ञांनी मास्तरांना जागे केले. मी पडद्याच्या आत, त्यांच्या चेहऱ्यासमोर बसले होते. सर्जन पाच मिलिमीटर अंतरावर दोन टोके असलेल्या प्रोबने पृष्ठभागाला स्पर्श करत. 60 हर्ट्झचा, काही मिलिअँपिअरचा प्रवाह जास्तीत जास्त चार सेकंद. स्पर्श कधी होतो, हे मास्तरांना सांगितले जात नव्हते. एकच जागा लागोपाठ दोनदा तपासायची नाही आणि तीनपैकी दोन वेळा अडले तरच ती भाषेची मानायची, असे ठरले होते.

आकडे मोजताना एका ठिकाणी त्यांचे बोलणे एकदम तुटले. तेथे क्रमांकाची चिठ्ठी ठेवली गेली. मग चित्रे सुरू झाली. नाव वाक्यातच सांगायचे असल्याने मराठीत लिंग आधी ठरवावे लागते, आणि तेच फार उपयोगी पडले. खिडकीच्या चित्राला मास्तर म्हणाले, "ही... ही..." आणि माझ्याकडे पाहत राहिले. ओठ, जीभ, आवाज सारे शाबूत होते. स्त्रीलिंगही सापडले होते, नाव तेवढे येत नव्हते. प्रोब उचलताच ते म्हणाले, "खिडकी हो, म्याडम." काही वेळाने त्याच जागी कोकणीत विचारले, तेव्हा उत्तर विनासायास आले: "हें जनेल." आलटूनपालटून तपासले तरी तेच. ही चार क्रमांकाची जागा.

पुढे प्रवाह किंचित वाढवल्यावर मेंदूवर ठेवलेल्या, त्याच्या विद्युत लहरी टिपणाऱ्या पट्टीच्या आलेखात अनियमित लहरी उमटल्या आणि त्यांच्या ओठाचा उजवा कोपरा फडफडू लागला. सर्जनांनी तत्काळ बर्फासारखे थंड रिंगर द्रावण (क्षारांचे निर्जंतुक पाणी) मेंदूवर ओतले आणि फडफड थांबली. आलेख स्थिरावल्यावर मी विचारले, "मास्तर, बरे वाटते ना?" त्यांनी मान हलवण्याचा प्रयत्न केला, डोके चौकटीत पक्के बसवलेले असल्याने तो जमला नाही.

चार क्रमांकाची जागा गाठीच्या काठावरच होती. घरच्या भाषेला धक्का लागत नाही म्हणून ती काढावी का, हा प्रश्न खोलीत निघाला. मास्तरांनी आधीच स्पष्ट सांगितले होते की आपल्याला वर्गात परत जायचे आहे. शिवाय माझ्या मते, रोजीरोटीची भाषा दुय्यम ठरवण्याचा अधिकार आमच्यापैकी कुणालाच नव्हता. सर्जनांनी तेवढा भाग सोडला आणि उरलेली गाठ काढत असताना मी दोन्ही भाषांत चित्रे विचारत राहिले.

पहिले काही दिवस सूज असल्यामुळे नावे उशिरा येत होती, मराठीत जास्त. पुढील काही आठवड्यांत ती सुधारली. शस्त्रक्रियेनंतरच्या एमआरआयमध्ये काठावर राखलेली गाठीची पातळ पट्टी दिसते आणि तिच्यावर ठरावीक अंतराने लक्ष ठेवले जात आहे.