उंच वाळवंटात गुरांसाठी पाणी साठवताना : माझा अनुभव

लग्नानंतर मी अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या हार्नी काउंटीत, सासरच्या रँचवर राहायला आले. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,250 मीटर उंचीवरच्या या प्रदेशात वर्षाला जेमतेम 250 ते 300 मिलिमीटर पाऊस होतो आणि त्यातलाही बराचसा हिवाळ्यात बर्फाच्या रूपाने पडतो. माझे बालपण माणदेशात गेल्यामुळे टंचाई मला नवी नव्हती; मात्र वरच्या कुरणात गवत उभे असूनही गुरे तिकडे फिरकत नाहीत, हे मी इथेच पाहिले. पाणी फक्त खालच्या ओढ्याला असल्याने ती तिथेच ठाण मांडून काठ तुडवीत.

म्हणून टेकडीवर टाकी बसवायचे ठरले. ओरेगनच्या 1909 च्या कायद्यानुसार पाणी सार्वजनिक मालकीचे असून बहुतेक वापरासाठी परवाना लागतो. जनावरांना पाजण्यासाठी उपसलेल्या भूजलाला मात्र त्यातून सूट आहे. त्यामुळे जुन्या बोअरवर सौर पंप सहज बसवता आला. वेळ गेला तो या कामासाठीच्या अनुदानाच्या कागदपत्रांत. करारावर सही होण्यापूर्वी काम सुरू केल्यास अनुदान हातचे जाते, शिवाय खोदाईआधी पुरातन अवशेषांची पाहणी होते. ही मूळची पायूट या आदिवासी लोकांची भूमी असल्याने मला ती अट रास्तच वाटली.

उन्हाळ्यात वासरू असलेल्या गाईला दिवसाला सुमारे शंभर लिटर पाणी लागते. शंभर गाई आणि ढगाळ हवेचे तीन दिवस धरून आम्ही 30,000 लिटरची टाकी घेतली. हौदासाठी खाणीतल्या डंपरचे प्रचंड टाकाऊ टायर आणले, वरची कड कापून ते आडवे ठेवले, मधल्या भोकात पाइप उभे करून भोवती काँक्रीट ओतले. काळे रबर ऊन शोषते, म्हणून पाणी उशिरा गोठते आणि वळूने धडक दिली तरी हौद फुटत नाही. पाण्यात पडलेल्या पाखरांना बाहेर येता यावे यासाठी सासऱ्यांनी आत जाळीचा उतार बसवला.

एवढे होऊनही जुन्या गाई सवयीने ओढ्यावरच उतरत राहिल्या. शेवटी गुरांनी चाटायच्या मिठाच्या लाद्या वरच्या कुरणात नेऊन ठेवल्या आणि ओढ्याकाठी कुंपण घातले, तेव्हा कुठे कळप वर चरू लागला. आता पलीकडच्या टेकडीपर्यंत पाइप नेण्याचा आराखडा तयार आहे.