आरी, मेणाचा दोरा आणि माउली

पहिल्यांदा वारीला गेलो २०१८ ला, तेव्हा नुसतं चालायचं एवढंच डोक्यात होतं. आळंदीहून निघालो, पुण्यातला मुक्काम झाला, मग एकादशीला सासवडचा टप्पा, तीस किलोमीटरच्या वर, वारीतला सगळ्यात मोठा, त्यात लोकांचे उपवास आणि दिवे घाटाची चढण. घाटात एक आजी रस्त्याच्या कडेला बसली होती, चपलेचा अंगठा तुटलेला, तिनं तो सुतळीनं बांधलेला आणि सुतळी बोटांत रुतून रक्त येत होतं. तरी तोंडात ज्ञानोबा माउली चालूच. मी ती चपल हातात घेतली आणि मला एकदम कळलं की हे मला येतं. लहानपणापासून वडिलांच्या, आबांच्या शेजारी बसून चपला शिवायला शिकलोय, दोऱ्याला मेण कसं लावायचं, चामडं टोचायची आरी कुठून घालायची, सगळं. पण हातात काहीच नव्हतं. सुतळी सैल करून रुमाल बांधून दिला आणि ती "येते माउली" म्हणून तशीच चढायला लागली. त्या रात्री सासवडला तंबूत मला झोप नाही लागली. देवानं काम सांगितलं म्हणजे काय असतं ते मला तेव्हा कळलं, आणि याबद्दल माझ्या मनात तेव्हापासून एक दिवसही शंका आलेली नाही.

घरी सांगितलं तर आबा गप्पच झाले. आमच्या घरात आरी म्हणजे नुसतं हत्यार नाही. त्या आरीवरनं आबांनी काय काय ऐकून घेतलंय ते मला माहितीये, मला आयटीआयला घातलं ते आरी हातात धरायला लागू नये म्हणूनच. आता चाकणला कंपनीत परमनंट आहे मी. ते एवढंच म्हणाले, "मी सोडवलं तुला त्यातनं, आणि तू परत रस्त्यावर बसणार?" चुलतभाऊ तर सरळ म्हणाला की लोक तुझी जात बघणार, सेवा नाही बघणार. त्यांचं दुखणं खोटं नाही, मी त्यांना कधी उलट बोललो नाही. पण रोहिदास महाराजही हेच काम करत होते ना, चोखोबांची समाधी तर महाद्वारासमोरच आहे, मग मी लाजायचं कुणाला?

२०१९ ला पिशवी घेऊन गेलो, आरी, चामडं कापायची रापी, नायलॉनचा दोरा, मेण, टायरचे तुकडे. चिकटवायचं सोल्युशन पण नेलं होतं पण पावसात ते टिकत नाही, नीरा ओलांडेपर्यंत दोन जणांच्या चपला परत सुटल्या आणि मला फार वाईट वाटलं, तेव्हापासून फक्त शिलाई. दिंडीतल्या एका जाणत्या माणसानं सुनावलं की रांगेत चालायचं नसेल तर दिंडीत नाव कशाला घातलंस. त्यांचंही बरोबर आहे, दिंडीला शिस्त लागतेच. म्हणून मी पहाटे काकड्याला दिंडीबरोबर असतो, मग रस्त्याकडेला बसतो, दिंड्या पुढे जातात आणि रात्री अंधारात चालत तळ गाठतो. तळावर सगळ्या दिंड्यांची मिळून होणारी समाजआरती बऱ्याचदा चुकते. पण चोपदारांनी दंड वर केला की हजारो टाळ एकदम थांबतात, ती शांतता लांब रस्त्यावर पण कळते, मी तिथंच उभा राहून हात जोडतो.

२०२० आणि २०२१ ला पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. तेव्हा सगळे म्हणाले बघ, देवानंच थांबवलं, आता सोड. मी आषाढी एकादशीला घरात बसून गल्लीतल्या सगळ्यांच्या चपला शिवल्या. २०२२ ला परत निघालो. त्या वर्षी तरडगावला पाऊस, मी एका दुकानाच्या पत्र्याखाली बसलेलो, आबांचा फोन आला. "दोऱ्याला मेण नीट लावतोयस ना?" म्हणाले. मी हो म्हणालो. "दुहेरी टाका घाल," म्हणाले आणि ठेवला. अजूनही त्यांना हे पटलेलं नाही, गावात कुणी विचारलं तर पोरगा वारीला गेलाय एवढंच सांगतात.

पंढरपुरात मी दर्शनाच्या रांगेला लागत नाही, चोखोबांच्या समाधीला डोकं टेकवतो आणि कळसाचं दर्शन घेतो. मागच्या वर्षी कळसाकडे बघत हात जोडलेले होते तेवढ्यात एका पोरानं शर्ट ओढला, त्याच्या आजीची चपल होती त्याच्या हातात. चंद्रभागेकडे जाणाऱ्या गर्दीतनं बाजूला होऊन एका पायरीवर बसलो, पिशवी उघडली. टाच पार झिजलेली, आधी टायरचा तुकडा कापायला घेतला.