सिमोना हालेप: स्वतःवर चिडणाऱ्या देशाची चॅम्पियन

रुमानियात राहायला आलं की एक गोष्ट लवकर लक्षात येते. इथली माणसं स्वतःच्या देशाबद्दल फार कडवट बोलतात. रस्ते, रेल्वे, दवाखाने, सरकार, कुठलाही विषय काढा, "आमच्याकडे काही धड होणारच नाही" हे वाक्य ठरलेलं. क्लुज शहरातल्या आमच्या ऑफिसात तर सकाळच्या कॉफीबरोबर हा पाढा रोज म्हटला जातो. पण टेनिस खेळाडू सिमोना हालेपचं नाव निघालं की सूर बदलतो. लगेच कौतुक सुरू होतं असं नाही. लोक तिच्यावरही चिडतात, पण त्या चिडण्यात हक्क असतो. "तेव्हा तिने बॅकहँड लाइनवर का नाही मारला?" यावर सात-आठ वर्षांपूर्वीच्या मॅचवरून आजही वाद घालणारी माणसं मी इथे पाहिली आहेत.

आपल्याकडे बहुतेकांना हालेप आठवते ती 2019च्या विम्बल्डनमुळे. 13 जुलैचा शनिवार होता. दुसऱ्या दिवशी क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल, त्याच दिवशी फेडरर-जोकोविच, त्यामुळे शनिवारची ही मॅच अनेकांच्या नजरेतून निसटली. सेरेना विल्यम्सला तिने 6-2, 6-2 असं अवघ्या 56 मिनिटांत हरवलं. अख्ख्या मॅचमध्ये तिच्याकडून स्वतःहून झालेल्या चुका फक्त तीन. टेनिस खेळलेल्या कुणालाही विचारा, ग्रँड स्लॅमच्या फायनलला, समोर सेरेना असताना, तीन चुका म्हणजे काय ते. पण इथे राहून मला जी हालेप कळली, ती त्या 56 मिनिटांची नाही. स्वतःला बोल लावत खेळणारी एक मुलगी ते थांबवायला कशी शिकली, त्याची ही गोष्ट आहे. आणि ज्या देशाला स्वतःला बोल लावायची इतकी सवय, त्याने तिला एवढं जीव लावणं मला मुळीच आश्चर्याचं वाटत नाही.

ती कॉन्स्टान्ट्साची. काळ्या समुद्रावरचं बंदर, बुखारेस्टहून पूर्वेला. उन्हाळ्यात अर्धा देश तिथल्या ममाया किनाऱ्यावर लोटतो. आम्हीही गेलो होतो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला तळं, मधल्या चिंचोळ्या पट्टीवर हॉटेलांची रांग. गावातल्या चौकात रोमन कवी ओव्हिडचा पुतळा आहे. सम्राटाने हद्दपार करून त्याला याच गावी धाडलं होतं. किनाऱ्यावर वारा थांबतच नाही. तिथल्या मातीच्या कोर्टवर दहा मिनिटं नुसतं उभं राहिलं तरी बुटांवर, मोज्यांवर विटकरी भुकटीचा थर बसतो आणि वर उडवलेला चेंडू सर्व्हिस करेपर्यंत हातभर सरकलेला असतो. अशा हवेत जी मुलं टेनिस शिकतात त्यांचे पाय आपोआप चपळ होत असणार, असं मला तिथे उभं असताना वाटलं. हालेपच्या खेळाचं मर्म पायांतच होतं. उंची 1.68 मीटर, म्हणजे आजच्या टेनिसच्या मानाने लहानच. सर्व्हिसमध्ये धडाका नाही. पण कोर्टाच्या कुठल्याही कोपऱ्यातला चेंडू ती परत आणायची, तोही खोल आणि कोनात.

घरचे आरोमन समाजाचे. बाल्कन डोंगरांत पिढ्यान्पिढ्या मेंढरं घेऊन फिरलेला हा समाज, आपल्या धनगरांसारखा. त्यांची स्वतःची वेगळी भाषा आहे. वडील स्तेरे हालेप खालच्या डिव्हिजनमध्ये फुटबॉल खेळलेले, पुढे त्यांनी दुधाच्या पदार्थांचा कारखाना काढला. मोठा भाऊ टेनिस खेळायला जायचा, त्याच्या मागे ही चार वर्षांची असताना गेली. भावाचं टेनिस सुटलं, हिचं सुरू झालं. सोळाव्या वर्षी घर सोडून बुखारेस्टला आली. 2008 साली फ्रेंच ओपनची ज्युनियर चॅम्पियन झाली, फायनलमध्ये समोरची मुलगीही रुमानियाचीच होती, एलेना बोग्दान.

पुढच्या वर्षी तिने छातीचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. पाठ दुखायची, चेंडूपर्यंत पोचायला उशीर व्हायचा. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्यावर नको तेवढं आणि नको तसं लिहिलं. तिने शांतपणे सांगितलं, की खेळाडू नसते तरी मी हे केलंच असतं. अठरा वर्षांच्या आतबाहेरची मुलगी, स्वतःच्या शरीराबद्दल इतकी स्पष्ट! आपल्याकडे मुलींच्या खेळांबद्दल आपण मेडलांच्या गप्पा मारतो, हा विषय मात्र कुणी उघडपणे काढत नाही. म्हणून मुद्दाम लिहिलं.

2013 साली ती एकदम वर आली, एका वर्षात सहा स्पर्धा जिंकल्या. 2014ला फ्रेंच ओपनची फायनल शारापोव्हाशी, तीन सेट, तीन तास, हार. इथून तिच्यावर शिक्का बसू लागला: चांगली आहे, पण मोठ्या दिवशी जिंकत नाही. आणि दुर्दैवाने हे मत सगळ्यात घट्ट तिच्याच मनात बसलं. एक-दोन पॉइंट चुकले की ती आपल्या बॉक्सकडे, म्हणजे कोच आणि घरचे बसतात तिकडे, बघून हातवारे करायची, खांदे पाडायची, रॅकेट आपटायची. समोरच्या खेळाडूला ते दिसायचं, आणि तिथेच मॅच उलटायची.

मार्च 2017, मायामी. योहाना कॉन्टाविरुद्ध क्वार्टर फायनलला ती अशीच स्वतःवर चिडत हरली. तिचे कोच डॅरेन केहिल यांनी त्यानंतर तिला सोडलं. तंत्राचा काही प्रश्न नव्हता. कोर्टवर तू स्वतःशी जशी वागतेस ते बदललं नाही तर मी काही करू शकत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. माझ्या मते तिच्या कारकिर्दीतली सगळ्यात महत्त्वाची घटना ही, कुठलीही ट्रॉफी नव्हे. तिने ते मनावर घेतलं, मानसशास्त्रज्ञाची मदत घेतली, आणि काही आठवड्यांनी केहिल परत आले.

आता कुणालाही वाटेल की इथून सगळं सुरळीत झालं असेल. उलट ते वर्ष तिच्यासाठी सगळ्यात क्रूर ठरलं. त्याच वर्षीच्या फ्रेंच ओपनला स्वितोलिनाविरुद्ध 3-6, 1-5 अशा खड्ड्यातून, मॅच पॉइंट वाचवून ती वर आली. फायनलला ओस्टापेन्कोविरुद्ध 6-4, 3-0 पुढे होती. जिंकली असती तर पहिलं ग्रँड स्लॅम आणि जगात पहिला नंबर, दोन्ही एकाच दिवशी. ओस्टापेन्को तेव्हा जेमतेम वीस वर्षांची, स्पर्धेत मानांकनही (सीडिंग) नाही. तिने डोळे मिटून मारल्यासारखे फटके मारले आणि ते सगळे आत पडले. हालेप हरली. विम्बल्डनला क्वार्टर फायनल जिंकली असती तरी पहिला नंबर मिळाला असता. पुन्हा कॉन्टा, पुन्हा हार. सिनसिनाटीची फायनल जिंकली असती तरी मिळाला असता. मुगुरुझाने 6-1, 6-0 असं धुतलं. एकाच उन्हाळ्यात दार तीनदा उघडलं आणि तीनदा तोंडावर आपटलं. शेवटी ऑक्टोबरमध्ये बीजिंगला सेमीफायनलला तिने हरवलं कुणाला, तर ओस्टापेन्कोलाच, आणि ती नंबर एक झाली. तिथवर पोचलेली रुमानियाची पहिली महिला खेळाडू. पुरुषांत इली नस्तासे 1973 साली झाला होता.

2018चा जानेवारी. कपड्यांच्या कंपनीशी असलेला करार संपला होता, नवा झाला नव्हता. जगातली पहिल्या नंबरची खेळाडू ऑस्ट्रेलियन ओपन खेळली ती चीनमधून ऑनलाइन मागवलेला, कुठल्याही कंपनीचा शिक्का नसलेला लाल ड्रेस घालून. पहिल्याच मॅचला घोटा मुरगळला. तिसऱ्या फेरीत लॉरेन डेव्हिसविरुद्ध तिसरा सेट 15-13, पावणेचार तास, त्यात तीन मॅच पॉइंट वाचवले. सेमीफायनलला कर्बरविरुद्ध पुन्हा मॅच पॉइंट वाचवून 9-7. आणि फायनलला वॉझ्नियाकीकडून तीन सेटमध्ये हार. त्या रात्री अंगातलं पाणी इतकं कमी झालं होतं की तिला हॉस्पिटलमध्ये सलाइन लावावं लागलं. ग्रँड स्लॅमच्या तीन फायनल, तिन्ही तीन सेटच्या, तिन्ही हरलेल्या.

म्हणूनच त्या वर्षीच्या फ्रेंच ओपनच्या फायनलला स्लोन स्टीफन्सविरुद्ध ती 3-6, 0-2 मागे पडली तेव्हा इथल्या घराघरात लोकांनी टीव्हीसमोरून उठायची तयारी केली होती, असं आमच्या ऑफिसातले सगळे सांगतात. एक सहकारी तर खरंच बाहेर पडून कुत्र्याला फिरवत बसला होता. हालेपने मात्र बॉक्सकडे पाहिलं नाही, हात उडवले नाहीत. पुढचा सेट 6-4, त्यापुढचा 6-1. स्टँडमध्ये व्हर्जिनिया रुझिच बसल्या होत्या, तिच्या मॅनेजर. रुझिच यांनी हीच स्पर्धा 1978 साली जिंकली होती, त्यानंतर रुमानियाच्या कुठल्याच बाईने ग्रँड स्लॅमची एकेरी जिंकली नव्हती. चाळीस वर्षं! दोन दिवसांनी बुखारेस्टच्या फुटबॉल स्टेडियमवर ती ट्रॉफी घेऊन आली, तेव्हा हजारो लोक नुसतं तिला बघायला जमले होते.

विम्बल्डनबद्दल वर लिहिलंच आहे. एवढंच सांगते, की ती दहा-अकरा वर्षांची असताना आईने तिला म्हटलं होतं, टेनिसमध्ये काही करायचं असेल तर विम्बल्डनची फायनल खेळायला हवी.

आणि मग ऑक्टोबर 2022. बातमी आली की यूएस ओपनच्या वेळी घेतलेल्या नमुन्यात रॉक्साड्युस्टॅट सापडलं. हे औषध किडनीच्या रुग्णांना रक्त वाढवण्यासाठी देतात. रक्तातल्या लाल पेशी वाढल्या की दमसास वाढतो, म्हणून खेळाडूंना बंदी. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी त्या संध्याकाळी मला जिन्यात थांबवलं. "तुला काय वाटतं?" म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनीच उत्तर दिलं, "ती असं करणार नाही. आणि केलं असेल तर मला ते ऐकायचं नाही." इथलं लोकमत त्या दोन वाक्यांत अडकलेलं मी पुढचं दीड वर्ष पाहिलं.

सप्टेंबर 2023ला चार वर्षांची बंदी जाहीर झाली. तिचं म्हणणं होतं की नव्या कोचच्या टीमने सुचवलेल्या कोलॅजेनच्या पावडरमधून ते अंगात गेलं. ते कोच, पात्रिक मुरातोग्लू, यांनी पुढे जाहीरपणे जबाबदारी घेतली. मार्च 2024ला लोझानच्या क्रीडा लवादाने शिक्षा नऊ महिन्यांवर आणली. मुद्दाम केलेलं नाही, दूषित सप्लिमेंटमुळे झालं असण्याची शक्यता जास्त, पण सप्लिमेंट घेताना तिने पुरेशी काळजी घेतली नाही, एवढा दोष तिचा, असा निकाल. रक्ताच्या नोंदींवरून लावलेला दुसरा आरोप टिकला नाही. तोपर्यंत ती जवळपास दीड वर्ष खेळाबाहेर होती. म्हणजे नऊ महिन्यांच्या शिक्षेसाठी सतरा महिने. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पोलंडची टेनिसपटू इगा श्विओंतेकला दूषित गोळीच्या प्रकरणात एक महिन्याची बंदी झाली, तेव्हा हालेपने उघड विचारलं, एवढा फरक का? प्रत्येक प्रकरण वेगळं असतं हे मला कळतं. निष्काळजीपणा तिचा होता हेही मान्य. पण निकाल द्यायला एवढा वेळ लावणं हीच एक शिक्षा असते, आणि तिशी ओलांडलेल्या खेळाडूला ती परत भरून मिळत नाही. याचा राग मला आजही येतो.

परतल्यावर गुडघा आणि खांदा साथ देईनात. 2025च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या पात्रता फेरीतूनही तिने माघार घेतली, आणि मग आमच्या क्लुजच्या स्पर्धेत वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर, नाव आलं. 4 फेब्रुवारी, मंगळवार, सोमेश नदीकाठचं इनडोअर स्टेडियम. माझ्या पुढच्या रांगेत टेनिस शिकणारी मुलं होती, प्रत्येकाच्या मांडीवर सही घ्यायचे मोठे चेंडू. पहिल्या काही गेममध्येच कळलं की पाय हलत नाहीत. ज्या चेंडूंवर ती पूर्वी दोन पावलं आधी पोचायची, त्यांच्याकडे ती आता नुसती बघत होती. इटलीच्या लुचिया ब्रॉन्झेटीने 6-1, 6-1 असं हरवलं. तरी गेम संपला की "सिमोना, सिमोना" चालूच. एक चांगला फोरहँड बसला तेव्हा पुढची मुलं उभी राहिली, तो एकच पॉइंट होता तरी.

मग तिने माइक घेतला आणि सांगितलं की ही शेवटची मॅच. हे दुःखाने बोलतेय की आनंदाने, मलाच ठाऊक नाही, असं म्हणाली. शरीर आता तिथवर पोचणार नाही, आणि तिथे पोचायला काय लागतं ते मला माहीत आहे. म्हणून घरच्या लोकांसमोर निरोप घ्यायला आले. आवाज थोडा कापत होता, पण ती रडली नाही. एका शब्दाने स्वतःला दोष दिला नाही. मी तेच ऐकत होते. 6-1, 6-1 हरलेली हालेप दहा वर्षांपूर्वी स्वतःला काय काय म्हणाली असती!

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कॉफीजवळ सगळे तिच्याबद्दलच बोलत होते. कुणीतरी सुरुवात केलीच, की आता पुढची चाळीस वर्षं आपल्याकडे कुणी होणार नाही. यावर नेहमी मान डोलावणाऱ्या आमच्या टीम लीडने त्याला मध्येच तोडलं आणि 2017 आणि 2018च्या सगळ्या मॅचेस स्कोअरसकट मोजून दाखवल्या.

तिच्या मॅचेस बघायच्या असतील तर विम्बल्डनपासून सुरू करू नका. आधी 2018च्या ऑस्ट्रेलियन ओपनमधली डेव्हिसविरुद्धची मॅच बघा. तिसऱ्या सेटमध्ये ती 10-11 मागे आहे, स्वतःच्याच सर्व्हिसवर 0-40. तिथून पुढे बघा, आणि पॉइंट सुरू व्हायच्या आधी तिच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा.