मलम, गोळी आणि सगळं घर एकाच रात्री

‘मलम लावूनही खरूज परत येतेय, काय करू?’ असं आमच्या मजल्यावरच्या बायका हल्ली मला विचारतात, कारण आमच्या घरातून ती गेली हे त्यांनी पाहिलंय. प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथे लिहून ठेवते.

आम्ही लालबागच्या चाळीत राहतो. एक खोली, वर पोटमाळा, आणि त्यात सासूबाई, आम्ही दोघं, मुलगा, दीर, धाकटी जाऊ आणि तिची तान्ही मुलगी. मुलगा हॉस्टेलवरून सुट्टीला आला तेव्हा त्याच्या बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ होतं. खरूज पहिल्यांदाच होते तेव्हा खाज सुटायला 4 ते 6 आठवडे लागतात, पण पसरायला ती तोवर थांबत नाही. खरूज त्वचेत शिरणाऱ्या बारीक किड्यामुळे होते, आणि एकाला खाज सुटली की शेजारी झोपणाऱ्यांच्या अंगात तो आधीच शिरलेला असू शकतो. आमच्याकडे तर सगळेच शेजारी शेजारी झोपतात.

आधी जवळच्या एका दवाखान्यातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम मिळालं. त्याने खाज दबली, लाली उतरली आणि आत किडे वाढत राहिले. याचा मला अजून राग आहे. अशी मिश्र मलमं मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवायही सहज मिळतात आणि खरजेचं रूपच बदलून टाकतात. मग परमेथ्रिन, म्हणजे किडे मारणारं मलम आलं, तेही ज्याला खाज त्यालाच आणि जिथे खाज तिथेच लावलेलं. काही दिवस बरं, की पुन्हा रात्रीची खाज सुरू.

शेवटी परळच्या सरकारी ओपीडीत गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी मनगटावरची कातडी ब्लेडने हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मुलाला किडा आणि अंडी दाखवली. घरात कोण कोण आहे, कोणाचं वजन किती, हे सगळं विचारून घेतलं आणि मलम-गोळी दोन्ही एकदम सुरू केली.

दोन्ही का, हे त्यांनी समजावून सांगितलं. 5 टक्के परमेथ्रिन किडे मारतं, अंडीही मारतं, पण हात पोचेल तिथेच. पाठ, बेंबी, नखांखालची जागा, तळपाय यांतलं काहीतरी सुटतंच. आयव्हरमेक्टिनची गोळी रक्तातून सगळ्या त्वचेत पोचते, पण ती अंडी मारत नाही. अंडी 3-4 दिवसांत फुटतात, तोवर गोळीचा जोर ओसरलेला असतो. म्हणून एकाचं राहिलेलं दुसऱ्याने भरून काढायचं आणि आठवड्याने दोन्हींचा दुसरा डोस द्यायचा. बरं वाटतंय म्हणून हा दुसरा डोस टाळणारे खूप आहेत, आणि तो टाळायचा नसतो.

नवरा म्हणाला, ‘ही तर कोविडची गोळी!’ कोविडात ती वाटली गेली खरी, पण ते तिचं काम नव्हेच. मुळात ती परजीवींवरची आहे. तिच्या शोधासाठी ओमुरा आणि कॅम्बेल या शास्त्रज्ञांना 2015 मध्ये नोबेल मिळालं.

गोळी वजनावर ठरते, किलोमागे 200 मायक्रोग्रॅम. 60 किलोच्या नवऱ्याला 12 मिलिग्रॅम, 45 किलोच्या सासूबाईंना 9. तान्ही 15 किलोच्या खालची, म्हणून तिला गोळी नाही. जाऊ अंगावर पाजते, म्हणून तिलाही फक्त मलम. गरोदर बाईलाही गोळी देत नाहीत. त्यामुळे शेजारणीची उरलेली गोळी आणून घेऊ नका, डॉक्टरांना विचारा.

मग ती रात्र. स्वयंपाक, भांडी सगळं लवकर आवरलं, कारण मलम लावल्यावर हात धुतले की हातांना पुन्हा लावावं लागतं. जाऊने पाजायच्या आधी छातीवरचं मलम धुतलं आणि पाजून झाल्यावर परत लावलं. बाकीच्यांना मानेपासून तळपायापर्यंत, कोरड्या अंगाला, मोठ्या माणसाला साधारण 30 ग्रॅम. बाळ आणि सासूबाई यांना डोक्यालाही, डोळे आणि तोंड सोडून. बाळाच्या हातांत मोजे घातले. सासूबाईंची नखं बारीक कापली आणि जुन्या ब्रशने नखांखाली मलम भरलं. रात्रपाळीच्या दिरांसाठी मुद्दाम त्यांच्या सुट्टीचा वार धरला होता. एक माणूस राहिला तर बाकीच्यांची मेहनत वाया जाते.

सकाळी आंघोळी झाल्या आणि पांघरुणं, टॉवेल, कपडे कढत पाण्यात गेले. जुलैत चाळीत काही वाळत नाही, म्हणून कडक इस्त्री फिरवली. गोधड्या, उशा प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून पोटमाळ्यावर टाकल्या. माणसाच्या अंगाबाहेर किडा साधारण 2-3 दिवसच जगतो, आम्ही आठवडाभर पिशव्या उघडल्या नाहीत.

खाज लगेच थांबली नाही, आणि इथेच पुष्कळ जण घाबरून रोज परमेथ्रिन फासायला लागतात. त्याने कातडी आणखी चिडते. किडे मेले तरी त्यांचे अवशेष त्वचेत राहतात, त्यामुळे 2 ते 4 आठवडे खाज राहू शकते. आम्हाला साधं मॉइश्चरायझर आणि रात्री खाजेची गोळी दिली होती. त्यानंतरही नवे फोड उठले तर मात्र परत दाखवायचं.

सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या, ‘अगं, दोन वेळा आंघोळ करणारी माणसं आपण, आपल्याला कशी होईल खरूज? कुणाला सांगू नकोस.’ आंघोळीचा आणि किड्याचा काही संबंध नाही, तो अंगाला अंग लागून येतो. हे त्यांना पटलं तेव्हा शेजारच्या काकूंना त्यांनीच जाऊन सांगितलं. काकू ओपीडीत दाखवून आल्या, पहिला डोस शनिवारी आहे. त्या एकट्याच राहतात, त्यामुळे पाठीला मलम लावायला मी जाणार आहे. हातमोजे आणून ठेवलेत.